डीलिया टटलने काय पाहिलं

सोमवारी सकाळी साडेसातला लेम ब्रॉन्सन मागच्या दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे डीलियाच्या लक्षात आलं. त्या वेळेला टॅलमॅज फॉल्समधला कुठलाही धडधाकट पुरुष बिजागऱ्यांच्या कारखान्यात असतो. नसला तर तो आजारी तरी असतो, नाहीतर त्याच्या घरात कोणी गेलेलं तरी असतं. लेम आजारी दिसत नव्हता. बुटांना मार्चमधला सगळा चिखल लागला होता आणि तो पायपुसण्यावर झटकायचंही त्याला सुचलं नव्हतं.

डीलियाने पायाखालचा पेडल थांबवला, चाकाच्या कडेला खडूने ‘४११२’ असा आकडा लिहिला आणि मगच मान वर केली. चुंबकासाठी तारेची कॉइल गुंडाळताना मध्येच बोललं की वेढ्यांचा हिशेब चुकतो, आणि चुकलेली कॉइल डीलिया टटलच्या घरातून बाहेर जात नसे.

"गुरुवारी तुला साक्षीला यावं लागेल," लेम म्हणाला.

"कसल्या साक्षीला? कोणाला मारलंस?"

"चेष्टा नको गं. माझं यंत्र जातंय हातातून."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, पण वाचून दाखवला नाही. तो त्याला पाठ होता. लेमने मागल्या वर्षी जूनमध्ये वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसात अर्ज टाकला होता. न्यूयॉर्कच्या एका कंपनीने तेच यंत्र दोन महिने आधी, एप्रिलमध्ये टाकलेलं निघालं. आता ऑफिस म्हणत होतं की अर्ज कोणाचा आधी आला ते आम्ही बघत नाही, यंत्र आधी कोणाला सुचलं आणि कोणी आधी करून चालवलं ते बघतो. कंपनीच्या इंजिनियरची वही होती. तिच्यात जानेवारी १९०७ ची तारीख आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या.

"तुझं तर त्याच्याआधीचं आहे," डीलिया म्हणाली.

"एकोणीसशे सहाचा नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात चालू झालं होतं. पण माझ्या एकट्याच्या शब्दाला किंमत नाही म्हणे. दुसऱ्या कोणीतरी डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे, आणि बघून ते काय आहे हे त्याला कळलेलं पाहिजे. कॉगस्वेल वकिलांनी विचारलं, कोणी बघितलंय? मी छाती फुगवून सांगितलं, एकानेही नाही! आमच्या गावात तशी रीतच नाही. तर त्या माणसाने चष्मा काढला आणि डोक्याला हात लावला."

"अ‍ॅडाने बघितलं असेल की."

"तिला कसं दाखवणार? रूळ दिसले की तिचा चेहरा पांढरा पडतो."

अ‍ॅडा ही लेमची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी नदीकाठच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायच्या तापल्या रुळांत तिचा उजवा हात गेला. रूळ थांबवायला माणूस धावला तोवर चार बोटं गेली होती. त्या दिवसापासून लेम त्या एकाच गोष्टीच्या मागे होता: बोट रुळाला लागायच्या आत रूळ आपोआप थांबले पाहिजेत. तीस वर्षं त्याने कारखान्यात दुसऱ्यांच्या आराखड्यांवरून हत्यारं घडवली होती. स्वतःच्या डोक्यातून निघालेलं असं त्याच्याकडे हे एकच होतं.

"तू फक्त कॉइलचं सांग," लेम म्हणाला. "ऑक्टोबरात एक दिलीस, नोव्हेंबरात दुसरी दिलीस. तुझ्या वहीत तारखा आहेत. कॉगस्वेल म्हणतात, नसल्यापेक्षा बरं."

"आणि यंत्र बघितलंस का म्हणून विचारलं तर?"

लेम चक्क हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला असावा. "तर काय? नाही म्हणायचं. तू कशाला बघशील? तुझ्याबद्दल तर मीच बायबलवर हात ठेवून सांगेन."

तो गेल्यावर डीलिया बराच वेळ पेडलवर पाय ठेवून बसली. कारण तिने बघितलं होतं.

हे किती भयंकर होतं ते टॅलमॅज फॉल्समध्ये राहिल्याशिवाय कळायचं नाही. कनेटिकटच्या त्या नदीकाठी तेव्हा घर तिथे शेड आणि शेड तिथे यंत्र अशी परिस्थिती होती. कोणी बटाटे सोलायचं करत होतं, कोणी आगगाडीच्या डब्यांचे दिवे, कोणी तारायंत्राची घंटा. दिवसभर कारखान्यात राबायचं, संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी शेडमध्ये शिरायचं. आणि प्रत्येक शेडमध्ये टेबलावर एक मेणकापड. तीसेक वर्षांपूर्वी गावातल्या एकाचा दिव्याचा चिमटा पाहुण्याने बघून जाऊन आपल्या नावावर केला, तेव्हापासून ही रीत पडली. दाराशी गेलं की आधी खोकायचं. आत मेणकापडाची सळसळ ऐकू आली की मग पाऊल टाकायचं. टाकलं आणि यंत्र उघडंच असलं, तर भिंतीकडे तोंड करून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. बायकासुद्धा आपल्या नवऱ्याच्या शेडमध्ये पाठमोऱ्या उभ्या राहून जेवायला हाक मारत. दारू पिणारा चालायचा, चर्चला दांडी मारणारा चालायचा, पण मेणकापड उचलणारा माणूस गावाच्या दृष्टीने संपला.

आणि डीलिया तर सगळ्यांच्या शेडमध्ये जायची. वडील घड्याळजी, ते वारले तेव्हा ती चौदाची. तारायंत्रांच्या दुकानात ती कॉइल गुंडाळायला लागली, दुकान बंद पडलं तेव्हा गुंडाळायचं चाक तिने घरी आणलं. लग्न जमता जमता राहिलं, ते का राहिलं हे सांगायला ती बसली नाही आणि विचारायची कोणाची हिंमत नव्हती. आता सेहेचाळिसाव्या वर्षी गावातल्या प्रत्येक वेड्या माणसाची तार तिच्याच हातून जात होती. माणूस चिठ्ठी द्यायचा: एवढी बारीक तार, एवढे वेढे, एवढं रीळ. कशासाठी हे तो सांगायचा नाही, ती विचारायची नाही. कॉइल तयार झाली की ती नेऊन त्याच्या टेबलावर ठेवायची. घरी माणूस नसला तरी शेड तिला उघडी असायची. एवढा विश्वास गावाने पाद्रीबाबांवरही टाकलेला नव्हता.

तो विश्वास ती नऊ वर्षं पायदळी तुडवत होती. दुसरा शब्द नाही.

पहिल्यांदा उचललं ते एकोणीसशे साली, आणि उचललं म्हणजे काय, हातच गेला. वर्षानुवर्षं मोजे विणायचे आणि ते कोणाच्या पायात जातात हे कधी बघायचंच नाही, असं कसं होईल? सहा हजार वेढे तिने घातले होते. ते सहा हजार वेढे कशाला ओढणार, काय उचलणार, हे बघितल्यावाचून तिला राहवेना. तिने कोपरा उचलला, बघितलं, पहिल्यासारखी घडी घातली आणि घरी येऊन चहा केला. पुढच्या वेळी ती जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तर तिला तो नादच लागला. तिने कधी कोणाला एका शब्दाने सांगितलं नाही. सांगायला होतंच कोण? शनिवारी रात्री घेवड्याच्या दाण्यांचं भांडं चुलीवरून उतरवून एकटीने जेवताना ती मनातल्या मनात ती यंत्रं फिरवून बघायची, कुठे अडतंय ते शोधायची. तो तिचा सगळा आनंद होता.

मंगळवार तिने कसाबसा काढला. बुधवारी दुपारी एनॉसकाकांची कॉइल द्यायची होती.

एनॉस वेल्टनला सगळं गाव काका म्हणायचं. एकाहत्तरीचा म्हातारा, घड्याळांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा. अकरा वर्षं तो एकच यंत्र करत होता. डीलियाने दारात खोकून घेतलं. आतून लगबग ऐकू आली, मग मेणकापडाची सळसळ.

"ये पोरी. किती घातलेस?"

"नऊ हजार. तुम्ही लिहिलं होतं तेवढे."

"या खेपेला लागणार बघ." त्याने कॉइल दोन्ही हातांत धरली. "वसंत संपायच्या आत सुरू होतंय. मग तुला सगळ्यात आधी बोलावीन."

डीलियाने वहीत तारीख टाकली. मेणकापडाखाली काय आहे हे तिला ठाऊक होतं.

"लेमच्या साक्षीला तूही आहेस म्हणे उद्या," म्हातारा म्हणाला. "मलाही बोलावलंय. मी काय सांगणार? चार वेळा गेलो त्याच्या शेडमध्ये, चारही वेळा भिंत बघितली. काय वकील असतात! म्हणे, कोणी चोरून तरी बघितलं असेल. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे असा माणूस निघाला तर त्याला आम्ही पुलावरून खाली टाकू."

"खरंच टाकाल?"

"टाकणार नाही. पण त्याला शेडच्या आसपास फिरकूही देणार नाही कोणी. तू तरी देशील का?"

"नाही," डीलिया म्हणाली, आणि दार ओढून घेऊन बाहेर पडली.

रस्त्यात पोस्टापाशी अ‍ॅडा भेटली. उजव्या हातावर हातमोजा चढवलेला, त्याच्या चार बोटांत कापूस. ती डाव्या हाताने टपाल छातीशी धरून चालली होती. तिने डीलियाला थांबवून एवढंच म्हटलं, "मिस टटल, बाबांना झोप नाही हो. ते म्हणतात, यंत्र त्यांचं नाही असं ठरलं तर त्यांनी ते चोरलंय असं ठरेल. असं ठरतं का?"

"नाही गं, तसं नसतं," डीलिया म्हणाली. पण गाव काय म्हणेल हे तिला अ‍ॅडापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

साक्षी गुरुवारी सकाळी दहाला हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत घ्यायच्या होत्या. न्यायाधीश वगैरे काही नव्हता. गावचे नोटरी, एक लघुलेखक आणि दोन्ही बाजूंचे वकील. जे बोललं जाईल ते लिहून वॉशिंग्टनला जायचं आणि तिथला अधिकारी ते वाचून निकाल द्यायचा. बाकांवर गावातले पंधरा-वीस जण बसले होते. निम्मे साक्षीला, निम्मे नुसते बघायला. लेम पुढच्या बाकावर, रविवारच्या कोटात.

कॉगस्वेल वकील हार्टफर्डहून आले होते, गोल, घामाघूम, सज्जन. कंपनीचे लॉरिमर वकील न्यूयॉर्कचे. उंच, हळू बोलणारे, कागदाला बोट लावतानाही हातमोजा न काढणारे. पहिल्या चार साक्षीदारांच्या वेळी त्यांना काहीच करावं लागलं नाही.

"मि. हाइन," कॉगस्वेल यांनी विचारलं, "तुम्ही नोव्हेंबर १९०६ मध्ये मि. ब्रॉन्सनच्या शेडमध्ये गेला होतात?"

"गेलो होतो."

"यंत्र तिथे होतं?"

"असणारच."

"तुम्हाला काय दिसलं?"

"भिंत."

"आणखी काही?"

"भिंतीवर कॅलेंडर होतं. खतांच्या कंपनीचं."

लॉरिमर लघुलेखकाकडे वळून म्हणाले, "कॅलेंडरही लिहून घ्या." बाकांवर कोणी हसलं नाही. एनॉसकाकांनीही तेच सांगितलं, वर छाती काढून सांगितलं. एकेक प्रामाणिक माणूस उठत होता आणि आपल्या प्रामाणिकपणाने लेमचा गळा आवळून परत जागेवर बसत होता. लेमची मान खाली खाली चालली होती.

मग नोटरींनी डीलियाचं नाव घेतलं. तिने बायबलवर हात ठेवला.

कॉगस्वेल यांनी वही पुढे ठेवली. ऑक्टोबर, पहिली कॉइल. जाड तार, वेढे कमी. नोव्हेंबरच्या सत्तावीस तारखेला दुसरी. बारीक तार, आठ हजार चारशे वेढे.

"दुसरी का लागली, मिस टटल?"

"पहिली तापत होती म्हणून. थोडा वेळ वीज सोडायची असेल तर जाड तार चालते. दिवसभर वीज चालूच राहणार असेल तर बारीक तार, भरपूर वेढे. नाहीतर जळते."

कॉगस्वेल यांचा चेहरा उजळला. सगळं भांडण त्याच मुद्द्यावर होतं. त्या वेळपर्यंतची अशी सगळी यंत्रं, धोका झाला की वीज सुरू करून रूळ थांबवायची. लेमच्या यंत्रात उलटं होतं: चुंबकात वीज दिवसभर चालूच, तो एक वजन वर धरून ठेवणार, बोटाचा धक्का पट्टीला लागला की वीज तुटणार, वजन पडणार, रूळ सुटे होणार. डीलियाच्या मनात आशा पालवली. कॉइलवरच भागतंय की काय!

लॉरिमर उठले.

"मिस टटल, दिवसभर वीज लागणाऱ्या कॉइल तुम्ही आणखी कोणाला दिल्यात?"

"बऱ्याच जणांना."

"दाराच्या घंटीला? तारायंत्राला?"

"हो."

"म्हणजे ही वही बघून मि. ब्रॉन्सन दाराची घंटी करत होते असंही म्हणता येईल."

"येईल," डीलिया म्हणाली.

"तुम्हाला कॉइल देताना ते कशासाठी हे सांगायचे?"

"नाही. कोणीच सांगत नाही."

"तर मग या कॉइलने काय धरलं होतं, काय सोडलं, हे तुम्ही फक्त तर्काने सांगता आहात. बरोबर?"

इथे ‘हो’ म्हटलं की सुटका होती. एक अक्षर. बाकावरून लेम तिच्याकडे बघत होता, ओशाळवाणा, जणू तिला या त्रासात ओढल्याची माफी मागतोय. मागे एनॉसकाका मान डोलवत होते: म्हण पोरी, हो म्हण, आणि ये खाली. लॉरिमरनी हात कागद उचलायला पुढे केला.

"मी बघितलंय ते," डीलिया म्हणाली.

खोलीत बाकाची एक फळी करकरली.

"काय बघितलंत?"

"लेमचं यंत्र. सत्तावीस नोव्हेंबरला, दुपारी. तो कारखान्यात होता. मी कॉइल ठेवायला गेले आणि मेणकापड उचललं." तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "पहिली कॉइल काढून नवी बसवली मी. त्याने कशी बसवली असती ते दिसतच होतं. रूळ जुन्या लाँड्रीचे होते, एकाला लाकडाची नवी कडी. पुढे पट्टी होती ती छत्रीच्या काडीची. वजन म्हणून जुनी इस्त्री टांगलेली, मूठ कापलेली. एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताने माझा हातमोजा आत सरकवला. मोजा काडीला लागला, इस्त्री पडली, चाक फिरत राहिलं आणि रूळ जागच्या जागी थांबले. मोज्याचं टोकही आत गेलं नाही."

"आणि हे इतकं लक्षात कसं राहिलं?"

"मी सहा वेळा केलं," डीलिया म्हणाली. "परत परत करावंसं वाटलं."

लॉरिमर हळूच हसले. त्यांचा पुढचा डाव उघड होता. छत्रीची काडी आठवते म्हणजे यंत्र कळलं असं नाही. "समजा, एखाद्या दिवशी कॉइलची तारच तुटली. मग त्या मुलीच्या हाताचं काय होईल?"

"काही होणार नाही. रूळ थांबतील."

"तुम्हाला मि. ब्रॉन्सननी सांगितलं हे?"

"तो कसा सांगेल? मी तार उपटून बघितली ना. इस्त्री पडली. म्हणून तर ते यंत्र चांगलं आहे, बिघडलं तरी वाचवतं. आधीची सगळी यंत्रं तार तुटली की मुकाट्याने हात खाऊ देतात. मग त्याची जुनी कॉइल होती तशी परत बसवली, नवी टेबलावर ठेवली, घडी घातली आणि घरी गेले."

लघुलेखकाची पेन्सिल थांबली तेव्हा कॉगस्वेल यांनी तोंडावरून रुमाल फिरवला. लेम मात्र खूश झालेला दिसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं काहीतरी होतं.

लॉरिमर बसले नाहीत. हरलेला डाव सोडून ते साक्षीदाराकडे वळले. "आणखी कोणाकोणाची यंत्रं बघितलीत, मिस टटल?"

"हरकत!" कॉगस्वेल ओरडले. "याचा इथे काय संबंध?"

नोटरींनी चष्म्यावरून बघितलं. "हरकत लिहून घेतली. पण मला थांबवायचा अधिकार नाही. उत्तर द्यावं लागेल, डीलिया."

तिने बाकांकडे बघितलं. हाइन, बटाट्यांचा. त्याच्यामागे दिव्यांचा, घंटेचा, बर्फाच्या पेटीचा. एकूण एक तिच्या गिऱ्हाइकीचे. शपथ घेतलेली होती.

"सगळ्यांची."

"सगळ्यांची. मग तुम्ही ती आमच्या कंपनीला विकली नाहीत हे कशावरून?"

"विकली असती तर तुम्ही आज इथे मला खोटी ठरवायला धडपडला नसता," ती म्हणाली. "मी कोणाला सांगितलं नाही. कधीच."

"तर मग तुमची समज किती आहे हे नोंदीवर येऊ द्या. ते मागे बसलेले वृद्ध गृहस्थ काय करताहेत?"

"ते मी सांगणार नाही."

"सांगणं बंधनकारक आहे."

"असू दे. लिहा, डीलिया टटलने उत्तर दिलं नाही. बघितलं ती चूक माझी. जे बघितलं ते त्यांचं आहे."

लॉरिमरनी खांदे उडवले आणि कागद गोळा केले.

निकाल यायला जीव मेटाकुटीला यावा इतका वेळ लागला, पुढचा डिसेंबर उजाडला. तो लेमच्या बाजूने लागला आणि त्यात ‘तार उपटून बघितली’ हे वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं. लेमने स्वतः येऊन तिला कागद दाखवला, अ‍ॅडाने भट्टीत भाजलेली सफरचंदाची पाई पाठवली. पण शेडमध्ये लेमने तिला त्यानंतर एकदाही बोलावलं नाही. हाइन आणि आणखी तिघं-चौघं कॉइलसाठी पलीकडच्या गावी जाऊ लागले. काही जण मुकाट्याने परत आले, कारण पलीकडच्या गावचे वेढे मोजून भरत नसत.

हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी खोली रिकामी होत होती तेव्हा माणसं तिच्या समोरून टोपीला हातही न लावता तशीच गेली. टॅलमॅज फॉल्समध्ये बाईसमोरून असं कोणी जात नाही. डीलिया खुर्चीतच बसून राहिली. शेवटी एकटे एनॉसकाका उरले, मागच्या बाकावर, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"माझंही बघितलंस?"

"हो, काका."

"कधी?"

"एकोणीसशे दोन साली. उन्हाळ्यात. तुम्ही न्यू हेवनला बहिणीकडे गेला होतात."

म्हातारा उठून जवळ आला. ती शिव्या ऐकायच्या तयारीने बसली होती. तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर टेकला आणि कोणी ऐकत नाही ना बघून, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "चालेल का ते?"

आता शपथ नव्हती, लिहून घेणारा नव्हता. खोटं बोलायला काही अडचण नव्हती. यंत्र तिच्या डोळ्यांसमोर होतं: बॅटरीवर मोटर फिरणार, मोटरने दुसरं चाक फिरणार, आणि त्या चाकाने तीच बॅटरी परत भरणार, कायम, कोळसा नाही, पाणी नाही. किती सुबक दात कापले होते त्याने चाकांना!

"नाही," ती म्हणाली.

"वेढे वाढवले तर? बारा हजार?"

"कितीही वाढवले तरी नाही. मोटर जेवढं खाते तेवढं ती परत भरू शकत नाही. थोडं कमीच पडणार. दर वेळी थोडं थोडं."

त्याने मान हलवली. खाली दुकानात कोणीतरी खिळे तोलत होतं.

"काल नऊ हजारांची आणून दिलीस मला."

"हो."

"सात वर्षं. दर वर्षी दोन-तीन. एकदा तरी बोलायचंस गं."

"बोलले असते तर बघितलं हे कळलं असतं तुम्हाला," डीलिया म्हणाली, आणि स्वतःच्याच कानांना ते इतकं क्षुद्र वाटलं की तिला रडू कोसळलं.

"बघितलंस त्याचा मला राग नाही," एनॉसकाका म्हणाले. "सगळ्यांसमोर हे नाही म्हणणार मी. पण अकरा वर्षं त्या शेडमध्ये बसून मला वाटायचं, कोणीतरी न खोकता आत यावं, ते मेणकापड ओढावं आणि म्हणावं, एनॉस, लेका, हे काय करून ठेवलंयस? तू आलीस, ओढलंस, आणि परत टाकून निघून गेलीस."

तो काठीचा आधार घेत उठला. तिने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही, आणि कठड्याला धरून एकेक पायरी तो एकटाच उतरला.